जठराचा सांधा



आजच्या विषयाचे नाव फलकावर वाचून आपल्यापैकी कित्येकांना नवल वाटले असेल. युनियनच्या माणसाने बोनसविषयी बोलावे, महागाईभत्त्याविषयी बोलावे, फार तर शिकागोच्या कामगारांविषयी बोलावे. जठरावरील शस्त्रक्रियेच्या इतिहासाशी त्याचा काय संबंध? शिवाय माझे शालेय शिक्षण दहावीपाशी थांबले, पुढचे आय.टी.आय.मध्ये झाले आणि त्यापुढचे नगर वाचनालयात. तेव्हा प्रथमच सांगून टाकतो की, वैद्यकाच्या बाबतीत मी अधिकारी माणूस नाही. मी बारा वर्षे फिटर होतो, पाइप जोडीत होतो, आणि हा इतिहास मी जोडकाम करणाऱ्याच्या नजरेने वाचला आहे.

निमित्त असे घडले. २०१४ साली आमच्या संघटनेचे एक जुने सभासद आजारी पडले. सारा कारखाना त्यांना अण्णा म्हणत असे. जठराच्या खालच्या भागात कर्करोग निघाला. सुदैवाने लवकर सापडला. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली, जठराचा दोनतृतीयांश भाग काढला, आणि पोटावर पाच लहान छिद्रे व बेंबीपाशी एक छोटा काप एवढीच खूण राहिली. विमा योजनेत त्या काळी आजारपणाचा लाभ ९१ दिवस, मजुरीच्या ७० टक्के असे. कर्करोगासाठी मात्र ८० टक्क्यांचा आणि लांब मुदतीचा वेगळा लाभ होता. अण्णांना तो ठाऊक नव्हता, आणि आम्ही सांगायला उशीर केला. हा दोष आमचा. घर चालेना म्हणून ते अडीच महिन्यांतच कामावर हजर झाले.

आणि भांडण सुरू झाले. जेवणाच्या सुट्टीत डबा खाल्ला की अर्ध्या तासात त्यांना दरदरून घाम फुटे, छाती धडधडे, मशीनपाशी उभे राहवेना. डॉक्टरांनी दिवसातून सहा वेळा थोडेथोडे खायला सांगितलेले. म्हणून ते पाळीत मध्येच डबा उघडीत. सुपरवायझर चारचौघांत म्हणाला, "पोटावर चार टोचल्याच्या खुणा, आणि म्हणे मोठे ऑपरेशन झाले!" आठवड्याने लेखी ताकीद हातात पडली.

ती ताकीद घेऊन मी त्यांच्या सर्जनकडे गेलो. भला माणूस. बाहेर रोग्यांची रांग असताना त्याने केसपेपर उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर तीन आकृत्या काढल्या. "ही बिलरोथची पहिली, ही बिलरोथची दुसरी, ही रू यांची. तुमच्या अण्णांची तिसरी." मी पाहतच राहिलो. तीन पाइपलाइनींचे नकाशेच होते ते. त्या कागदावरून मी वाचनालयात गेलो, शब्दकोश शेजारी ठेवून वाचू लागलो, आणि जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

जठर म्हणजे नुसती पिशवी नव्हे. अन्न साठविणे, घुसळणे, आम्लात भिजविणे आणि मग थोडेथोडे पुढे सोडणे, अशी त्याची कामे. शेवटचे काम त्याच्या खालच्या तोंडाशी असलेल्या स्नायूच्या कड्याचे. त्याला ग्रीक भाषेतून आलेले जे नाव आहे त्याचा अर्थ द्वारपाल. हा द्वारपाल थोडेसेच अन्न सोडतो आणि पुन्हा दार लावून घेतो. दाराबाहेर लहान आतड्याचा पहिला भाग, ज्याला ग्रहणी म्हणतात, तो सुरू होतो. तेथे यकृताकडून पित्त येते, स्वादुपिंडाकडून पाचक रस येतो. कर्करोग पुष्कळदा या द्वारपालाच्या आसपास होतो. तो भाग कापून काढला की दोन उघडी तोंडे समोरासमोर राहतात: वर जठराचे रुंद तोंड, खाली ग्रहणीचे अरुंद. खरे काम तेथून सुरू होते. कापणे हा एका दिवसाचा प्रश्न. जोड रोग्याला जन्मभर वागवायचा असतो.

हा जोड शरीर सहन करील काय, हे शोधण्यातच एकोणिसाव्या शतकाची पहिली पाऊणशे वर्षे गेली. १८१० साली मेरेम नावाच्या जर्मन वैद्याने कुत्र्यांच्या जठराचे खालचे तोंड कापून पुन्हा जोडून पाहिले. १८२६ साली पॅरिसच्या लांबेर याने दाखवून दिले की, आतड्याची आतली अस्तरे एकमेकांना भिडवली तर जोड धरत नाही. बाहेरची पातळ आवरणे एकमेकांना भिडवून शिवले तर तो लवकर सांधतो. आमच्या धंद्यातले कोणीही सांगेल की, फ्लँजचे कोणते तोंड कोणत्या तोंडावर बसवायचे हे चुकले तर बोल्ट कितीही आवळा, गळती थांबत नाही. मग १८४६ साली ईथरची भूल आली, १८६७ साली लिस्टरची जंतुनाशक पद्धती आली, आणि पोट उघडण्याचे धैर्य सर्जनांच्या अंगी आले.

१८७९ साली पॅरिसमध्ये पेआँने कर्करोगासाठी जठराचा भाग काढला. रोगी पाचव्या दिवशी गेला. १८८० च्या नोव्हेंबरात पोलिश सर्जन रिडिगिअर याने तोच प्रयत्न केला. रोगी बारा तासांत गेला. त्या दोघा रोग्यांचा उल्लेख पुस्तकांत एकेका ओळीत उरकलेला असतो.

आता व्हिएन्नाला जाऊ. तेथील विद्यापीठात १८६७ पासून थिओडोर बिलरोथ हा शस्त्रक्रियेचा प्राध्यापक होता. मोठा रसिक माणूस. संगीतकार ब्राम्स त्याचा जिवलग मित्र, आणि ब्राम्सने आपल्या दोन रचना त्याला अर्पण केलेल्या. पण मला त्याच्याविषयी आदर वाटतो तो निराळ्या कारणाने. झुरिकला असताना केलेल्या शस्त्रक्रियांचा सगळा हिशेब, किती बरे झाले आणि किती दगावले यांसह, त्याने छापून प्रसिद्ध केला. आपले अपयश स्वतःच्या सहीने जाहीर करणारे वरिष्ठ मला माझ्या आयुष्यात फार थोडे भेटले. असो.

बिलरोथने घाई केली नाही. त्याच्या हाताखालच्या गुसेनबाउअर आणि विनिवार्टर या दोघांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, आणि १८७६ साली ते प्रसिद्ध केले. मग २९ जानेवारी १८८१ रोजी एक स्त्री टेबलावर आली. वय ४३, आठ मुलांची आई, काही खाल्ले तरी उलटून पडायचे. सुमारे दीड तास शस्त्रक्रिया चालली. जठराचे रुंद तोंड ग्रहणीच्या अरुंद तोंडाला जुळेना, म्हणून बिलरोथने रुंद तोंडाचा काही भाग शिवून बंद केला आणि उरलेल्याला ग्रहणी जोडली. आम्ही ज्याला रिड्यूसर म्हणतो त्यातलाच हा प्रकार. रेशमी धाग्याचे पन्नासच्या आसपास टाके पडले. बाई वाचली, खाऊ लागली, घरी गेली. आठवडाभरात बिलरोथने एका वैद्यकीय साप्ताहिकाच्या संपादकाला पत्र लिहून ही हकीकत जाहीर केली. चार महिन्यांनी कर्करोग पसरून ती वारली. पण जोड शाबूत होता. तिच्या जठराचा तो भाग आजही व्हिएन्नातील योझेफिनुम नावाच्या वैद्यकीय संग्रहालयात आहे.

हीच बिलरोथची पहिली पद्धत. जठराला सरळ ग्रहणी जोडायची, म्हणजे अन्नाचा रस्ता निसर्गाने आखला तोच राहतो. तीत एक कच्ची जागा होती. जठराच्या बंद केलेल्या भागाचे टाके आणि नव्या जोडाचे टाके जेथे एकत्र येत, त्या कोपऱ्यातून गळती होई आणि रोगी दगावे. जर्मन सर्जनांनी त्या कोपऱ्याला नावच दिले, त्याचा अर्थ शोकाचा कोपरा. वेल्डिंग करणाऱ्यांना हा कोपरा मी समजावून सांगायला नको.

दुसरी पद्धत तर आखणी न करता जन्माला आली. १८८१ मध्येच बिलरोथचा साहाय्यक व्योल्फ्लर याच्यापुढे असा रोगी आला की गाठ काढणेच शक्य नव्हते. तेव्हा त्याने लहान आतड्याचा पुढचा एक वळसा वर आणून थेट जठराला जोडला. बंद रस्त्याला बगल देऊन काढलेला वळणरस्ता म्हणा. १८८५ च्या जानेवारीत बिलरोथपुढे एक अतिशय अशक्त रोगी आला. सगळी शस्त्रक्रिया त्याला झेपणार नाही, म्हणून आधी नुसता वळणरस्ता करावा असे ठरले. तो झाला, रोगी तग धरून राहिला. तेव्हा बिलरोथने त्याच वेळी गाठही काढली आणि जठराचे व ग्रहणीचे अशी दोन्ही तोंडे शिवून बंद करून टाकली. ग्रहणी आता आंधळी गल्ली झाली. पित्त आणि पाचक रस तेवढे तिच्यातून खाली येत आणि अन्नाला पुढे मिळत. या जोडाला ताण पडत नाही, कारण आतड्याचा वळसा हवा तेवढा वर येतो. बुडापेस्टच्या पोल्या याने १९११ साली त्यात सुधारणा केली, ती त्याच्या नावाने जगभर चालली. पोल्या हा ज्यू होता. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्याच शहरात फॅसिस्टांनी त्याला ठार केले.

या वळशात नवा उपद्रव निघाला. खाली जायचे पित्त जठरात चढू लागले, अन्न उलट्या फाट्यात शिरू लागले, आणि रोगी हिरव्या उलट्यांनी बेजार झाला. सर्जन यालाच दुष्टचक्र म्हणत. १८९२ साली ब्राउनने वळशाचे दोन्ही फाटे खाली एकमेकांना जोडून पित्ताला जवळची वाट करून दिली. आणि त्याच दशकात स्वित्झर्लंडमधील लोझानच्या सेझार रू याने आतडेच कापले. कापलेले खालचे टोक वर आणून जठराला जोडले, आणि पित्त घेऊन येणारे वरचे टोक दीड-दोन विती खाली बाजूने आतड्यात सोडले. आकृती इंग्रजी वाय अक्षरासारखी होते. पित्ताला आता जठरापर्यंत चढायची सोय राहिली नाही. आमच्या अण्णांच्या पोटात आहे तो हाच जोड.

गंमत अशी की, रू याने स्वतः ही पद्धत पुढे सोडून दिली. जोडाजवळ व्रण होऊ लागले. पूर्वी पित्त तेथे येऊन जठराचे आम्ल थोडे मारीत असे. पित्तच दूर नेल्यावर उघड्या आतड्यावर आम्ल तसेच पडू लागले. पुढे जठराचा मोठा भाग किंवा सगळेच जठर काढायची वेळ आली, आम्लच थोडे उरले, तेव्हा रू याचा वाय परत आला. सगळे जठर काढून रोगी जगल्याची पहिली हकीकत झुरिकच्या श्लाटरची, १८९७ सालची. ती बाई जठरावाचून वर्षाहून अधिक जगली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जठर कापले जाई ते बव्हंशी व्रणासाठी. तो काळ मी भरभर ओलांडतो. १९७६ साली आम्ल कमी करणारे सिमेटिडीन बाजारात आले. पुढे ऑस्ट्रेलियातील वॉरन आणि मार्शल यांनी व्रणाचे मूळ एका जंतूत आहे हे दाखविले. २००५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. व्रणासाठी जठर कापणे जवळजवळ थांबले. कर्करोग उरला. पण त्या व्रणाच्या काळानेच सर्जनांना एक गोष्ट शिकविली: द्वारपाल गेल्यावर अन्न एकदम आतड्यात कोसळते, विशेषतः गोड अन्न. मग आतडे रक्तातले पाणी आत ओढून घेते, घाम येतो, छाती धडधडते, चक्कर येते. आणि दोनतीन तासांनी रक्तातली साखर एकदम उतरून पुन्हा हातपाय गळतात. ज्या इंग्रजी शब्दावरून आपला डंपर आला, त्याच शब्दाने या विकाराला नाव मिळाले आहे. जपानच्या माकी याने १९६७ साली द्वारपाल शाबूत ठेवून मधला भाग काढण्याची रीत सांगितली ती याच त्रासावर. पण रोग द्वारपालापासून दूर असेल तरच ती चालते.

आता हत्यारांकडे वळतो. इथे मला थोडे रेंगाळू द्या, कारण हा आमचा प्रांत. टाके घालताना जठर उघडे राहते, आतला मळ पोटात सांडतो, आणि रोगी त्यानेच मरतो. १९०८ साली बुडापेस्टच्या ह्युल्टल याने फिशर नावाच्या हत्यारे बनविणाऱ्या कारागिराकडून एक यंत्र करवून घेतले. ते जठराला चिमटीत धरी आणि तारेच्या बारीक टाचण्यांच्या ओळी एकदम मारी. मग दोन ओळींच्या मधून कापायचे, म्हणजे दोन्ही बाजू बंद. यंत्राचे वजन साडेतीन किलोच्या घरात. सर्जनने एका हातात साडेतीन किलो धरून आतड्याशी नाजूक व्यवहार करायचा! १९२० च्या सुमारास त्याच देशातल्या पेट्झने ते पुष्कळ हलके केले. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत सरकारने मॉस्कोत शस्त्रक्रियेच्या हत्यारांची संस्थाच काढली, आणि तेथे अशी यंत्रे तऱ्हेतऱ्हेची तयार झाली. १९५८ साली राविच हा अमेरिकन सर्जन तिकडे गेला, त्याने ते काम पाहिले, आणि लेनिनग्राडच्या एका दुकानातून एक यंत्र विकत घेऊन घरी आला. १९६४ साली अमेरिकेत त्यासाठी कंपनी निघाली. जगातल्या मोठ्या इस्पितळांत आज जी टाचणयंत्रे वापरतात त्यांचे मूळ या घराण्यात आहे. सर्जनांची नावे त्या पुस्तकांत पानोपानी येतात. फिशरचे एकदाच येते.

हे यंत्र नसते तर पुढचा टप्पा फार अवघड गेला असता. १९८० साली जर्मनीत कील येथे झेम याने दुर्बिणीतून आंत्रपुच्छ काढले. १९८५ साली म्यूहे याने पित्ताशय काढले. दोघांनाही त्यांच्या व्यवसायबंधूंनी प्रथम हिणवले. १९९१ साली जपानात किटानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगासाठी दुर्बिणीच्या साहाय्याने जठराचा खालचा भाग काढला आणि बिलरोथची पहिली पद्धत वापरून जोड केला. हे जपानातच घडले याला कारण आहे. तेथे हा रोग फार, आणि १९५० सालीच तेथे पोटात सोडायचा छोटा कॅमेरा तयार झाला होता. पुढे क्ष-किरणांच्या मोटारी गावोगाव फिरल्या. त्यामुळे गाठ लहान असतानाच सापडे.

मात्र आरंभी दुर्बिणीतून जठर फक्त मोकळे करीत. जोड करण्यासाठी छातीच्या हाडाखाली दोनतीन इंचांचा काप घेऊन तोंडे बाहेर ओढीत. सगळेच आत करायचे तर बंद खोलीतला पाइप भिंतीच्या भोकांतून लांब दांड्याच्या पकडीने जोडण्यासारखे ते काम. १९९२ साली सिंगापूरच्या गो याने बिलरोथची दुसरी पद्धत संपूर्ण पोटाच्या आत केली. पहिल्या पद्धतीला वेळ लागला, कारण ग्रहणीचे टोक आखूड आणि पाठीला चिकटलेले असते. २००२ साली जपानच्या कानाया याने युक्ती काढली. दोन तोंडे समोरासमोर न आणता जठराच्या आणि ग्रहणीच्या मागच्या भिंती एकमेकींना भिडवायच्या, टाचणयंत्राची एक पट्टी एकात व दुसरी दुसऱ्यात घालून मारायची, आणि यंत्र शिरले ते भोक आणखी टाचण्यांनी बंद करायचे. आतून पाहिले तर टाचण्यांच्या ओळींचा त्रिकोण दिसतो, म्हणून तिचे नाव ग्रीक डेल्टा अक्षरावरून पडले.

रू याच्या जोडालाही दुर्बिणीत नवे प्रश्न भेटले. आतडे वर आणले की त्याच्या मागे एक फट राहते. तिचे वर्णन जर्मनीच्या पेटरसनने १९०० सालीच केले होते. मोठ्या चिऱ्याने पोट उघडले की आत चिकटे धरतात आणि फट पुष्कळदा आपोआप बुजते. दुर्बिणीत चिकटे कमी होतात, हा रोग्याचा फायदा. पण फट उघडी राहिली तर वर्षा-दोन वर्षांनी आतडे तीत अडकून जिवावर बेतते. म्हणून ती आठवणीने शिवावी लागते. शिवाय आतडे कापले की ग्रहणीतून निघणाऱ्या हालचालीच्या लाटा तुटतात आणि अन्न वरच तुंबते. त्यावर १९८८ साली दोघा अमेरिकन डॉक्टरांनी आतडे न कापता टाचण्यांनी नुसते बंद करण्याची तोड सुचविली. पण त्या टाचण्या कधीकधी सुटतात आणि बंद रस्ता पुन्हा उघडतो.

एवढ्या खटाटोपाचा हिशेब कोरियात झाला. १,४१६ रोग्यांची दोन गटांत वाटणी करून, एकाची दुर्बिणीतून आणि दुसऱ्याची पोट उघडून शस्त्रक्रिया केली. २०१९ साली निकाल आला: पाच वर्षांनी दुर्बिणीच्या गटातले ९४.२ टक्के जिवंत, उघड्या गटातले ९३.३. म्हणजे फरक नाहीच. हे आरंभीच्या अवस्थेतल्या रोगाचे आकडे आहेत, हे ध्यानात ठेवावे. जखमेचे उपद्रव दुर्बिणीच्या गटात कमी झाले. बाहेरचा चिरा लहान झाला, त्याचा लाभ बाहेरच्या जखमेला मिळाला. आत जठर तेवढेच कापले गेले होते, आणि द्वारपाल दोन्ही गटांत सारखाच गेला होता.

अण्णांच्या ताकिदीविरुद्ध आम्ही व्यवस्थापनापुढे गेलो तेव्हा हा निकाल आमच्या हाती नव्हता. केसपेपरच्या मागची ती तीन चित्रे होती. मी ती टेबलावर ठेवली. कारखान्याचे वैद्यकीय अधिकारी निवृत्तीला आलेले, तोवर गप्प बसलेले. त्यांनी चष्मा लावला, कागद ओढून घेतला आणि तिसऱ्या चित्रावर बोट ठेवून मॅनेजरला सांगितले, "साहेब, यांच्या पोटाला झडप राहिलेली नाही." मॅनेजर स्वतः इंजिनिअर होते. एवढ्यावर त्यांना कळले. ताकीद मागे घेतली गेली. जेवणाच्या सुट्टीखेरीज पाळीत दोन वेळा दहा-दहा मिनिटे आणि मशीनपाशी बसायला स्टूल, असे लेखी ठरले. पुढच्या करारात ते कलम पोटाच्या अशा शस्त्रक्रिया झालेल्या सर्वांसाठी घातले. आजवर त्याचा लाभ तिघांनी घेतला आहे.

अण्णा २०१९ साली निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी पेढे वाटले; त्यांनी एकाचा अर्धा तुकडा तोंडात टाकला आणि उरलेला कागदात बांधून खिशात ठेवला.